सूक्ष्म वल्हीं व त्यांना आवरणारीं रसायनें

मनुष्य झोपेंत असो वा जागा असो, त्याच्या श्वासमार्गांत एक काम अखंड चालू असतें. दर श्वासाबरोबर हवा आंत येते आणि हवेबरोबर धूळ, काजळी, परागकण व रोगजंतूही येतात. फुप्फुसांच्या नाजुक कोषांपर्यंत ही घाण पोहोंचूं नये म्हणून श्वासमार्गाच्या आंतल्या बाजूवर एका चिकट द्रवाचा पातळ थर पसरलेला असतो. आलेले कण या श्लेष्म्याला चिकटून बसतात. परंतु नुसतें चिकटून भागत नाहीं. तो थर तेथेंच सांचत राहिला, तर श्वासमार्ग तुंबून जाईल. म्हणून तो सतत घशाकडे वाहून नेला जातो व घशांत आल्यावर नकळत गिळला जातो. मिनिटाला कांहीं मिलिमीटर अशा संथ चालीनें हा सरकता रस्ता पुढें जात असतो. त्याला चालविणारीं जीं सूक्ष्म वल्हीं आहेत, त्यांना शास्त्रीय परिभाषेंत पक्ष्माभिका म्हणतात.

पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीं यांना जें लॅटिन नांव दिलें त्याचाही अर्थ तोच आहे, आणि सूक्ष्मदर्शकांतून पाहणाऱ्याला ही उपमा तत्काळ पटते. श्वासमार्गाच्या अस्तरांतील एकेका पेशीवर अशा सुमारें २०० ते ३०० पक्ष्माभिका उभ्या असतात. एकेकीची लांबी सहा-सात मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सहा-सात पट. जाडी तर अवघी पाव मायक्रॉन. माणसाच्या डोक्याच्या एका केसाच्या रुंदींत तीनशेंच्या आसपास पक्ष्माभिका शेजारीं शेजारीं मावतील. त्या सेकंदाला १० ते १५ वेळां हालतात. पुढें जातांना ताठ राहून श्लेष्म्याला रेटा द्यावयाचा आणि मागें येतांना वांकून अंग चोरून यावयाचें, अशी त्यांची रीत आहे. सर्वजणी एकाच क्षणीं हालत नाहींत. एकीच्या मागून दुसरी, दुसरीच्या मागून तिसरी, अशा क्रमानें हालतात. उभ्या ज्वारीच्या शेतावरून वाऱ्याची झुळूक जावी, तशी या सूक्ष्म रानावरून लाट जातांना दिसते.

हीच वल्हीं देहांत इतरत्रही आहेत. मेंदूंतील पोकळ्यांच्या अस्तरावर तीं आहेत. स्त्रीच्या बीजवाहिनींत आहेत. पुरुषाच्या शुक्रजंतूची शेपटी हीदेखील रचनेनें एक लांब पक्ष्माभिकाच होय. डबक्यांतील पाण्यांत राहणारा पॅरामीशियम हा एकपेशीय जीव तर सर्वांगावरील पक्ष्माभिकांच्या बळावरच पोहतो. अशा जीवांच्या अंगावरील हालणारे बारीक अवयव सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्यानें स्वत: घांसलेल्या भिंगांतून पाहिले. पृष्ठवंशी प्राण्यांच्या देहांतही अशी हालचाल चालते, हें पुर्किन्ये व व्हॅलेंटिन या दोघांनीं १८३४ सालीं जाहीर केलें. अस्तराचा तुकडा प्राण्याच्या देहापासून कापून वेगळा केला, तरी त्यावरील पक्ष्माभिका बराच काळ हालत राहतात. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. त्यांना मज्जातंतूंचा हुकूम लागत नाहीं आणि रक्ताभिसरणाचा धक्काही लागत नाहीं. हालविणारें यंत्र त्यांच्या पोटांतच असलें पाहिजे.

मग हें यंत्र कोणतें आणि त्याला इंधन कोण पुरवितें? इंधनाचा शोध आधीं लागला. अ‍ॅडेनोसीन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच संक्षेपानें एटीपी, या पदार्थाचा शोध १९२९ सालीं जर्मनींत कार्ल लोमान यांनीं आणि अमेरिकेंत हार्वर्ड येथें सायरस फिस्क व यल्लाप्रगड सुब्बाराव यांनीं स्वतंत्रपणें लावला. सुब्बाराव हे आंध्रांतील भीमावरमचे सुपुत्र. एटीपीच्या रेणूला फॉस्फेटाचे तीन गट सांखळीसारखे जोडलेले असतात. त्यांपैकीं शेवटचा गट पाण्याच्या साहाय्यानें तुटला कीं शक्ति मोकळी होते. ही तोडण्याची क्रिया घडवून आणणारीं प्रथिनें देहांत अनेक आहेत. स्वत: न संपतां रासायनिक क्रियेचा वेग वाढविणाऱ्या अशा प्रथिनाला एन्झाइम म्हणतात. स्नायूंना आकुंचन देणारें मायोसीन हें प्रथिन असेंच एटीपी तोडणारें एन्झाइम आहे, हें एंगेलहार्ट व ल्युबिमोवा या रशियन दांपत्यानें १९३९ सालीं दाखवून दिलें. ज्या प्रथिनांत इंधन जाळण्याचें व ओढण्याचें काम असें एकवटलेलें असतें, त्यांना चालक एन्झाइमें म्हणणें योग्य होईल.

पक्ष्माभिकांतील चालक एन्झाइम हातीं येण्यास आणखी पाव शतक लागलें. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा उपयोग सुरू झाल्यावर, इ. स. १९५० नंतरच्या पांच-सात वर्षांत, पक्ष्माभिकेचा आडवा छेद प्रथम स्पष्ट दिसला. त्यांत कडेनें सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या वर्तुळाकार मांडलेल्या असून मध्यभागीं दोन सुट्या सूक्ष्मनलिका असतात. विशेष हें कीं, पॅरामीशियमपासून माणसापर्यंत ही मांडणी बहुतेक सारखीच आढळते. १९५९ सालीं स्वीडनमधील ब्यर्न आफ्झेलिउस यांनीं समुद्री अर्चिन या कांटेरी प्राण्याच्या शुक्रजंतूंच्या शेपट्या तपासल्या. तेव्हां प्रत्येक जोडीतून शेजारच्या जोडीकडे निघालेले बारीक हात त्यांना दिसले.

हे हात कशाचे आहेत, याचें उत्तर इयन गिबन्स यांनीं दिलें. हार्वर्ड येथें काम करीत असतां त्यांनीं टेट्राहायमीना या एकपेशीय जीवाच्या पक्ष्माभिका गोळा केल्या, त्यांवरील पातळ आवरण काढून टाकलें आणि मग मॅग्नेशियमसारख्या धातूंना धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या द्रावणांत त्या ठेवल्या. द्रावणांत कांहीं प्रथिन उतरलें. उरलेल्या सांगाड्याचा छेद घेतला तों हात नाहींसे झालेले! एटीपी तोडण्याची बहुतेक शक्तिही त्या हातांबरोबर द्रावणांत उतरली होती. मॅग्नेशियम पुन्हा मिळतांच तें प्रथिन आपल्या जागीं परत बसे, आणि हात पुन्हा दिसूं लागत. हें १९६३ सालचें काम. दोन वर्षांनीं गिबन्स व आर्थर रो यांनीं या प्रथिनाला डायनीन असें नांव दिलें. बल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें घेतलेलें आहे.

डायनीन कसें काम करतें, तें आतां बरेंच कळलें आहे. पक्ष्माभिका वांकते ती तिच्या सूक्ष्मनलिका आंखूड होतात म्हणून नव्हे. एका जोडीवर पक्का बसलेला डायनीनचा हात शेजारच्या जोडीला पकडतो, ओढतो, सोडतो आणि पुन्हा पुढें पकडतो. दोरी हातांनीं ओढणारा नावाडी हेंच करतो. त्यामुळें शेजारच्या जोड्या एकमेकींवरून घसरतात. सर्व जोड्या बुडाशीं घट्ट बांधलेल्या आणि मधून मधून दुव्यांनीं जोडलेल्या असल्यामुळें त्यांना मोकळेपणानें घसरतां येत नाहीं, आणि घसरण्याचें रूपांतर वांकण्यांत होतें. याचा सुंदर पुरावा १९७१ सालीं समर्स व गिबन्स यांनीं दिला. पाचक रसांतील ट्रिप्सीन या एन्झाइमानें त्यांनीं मधले दुवे तोडले आणि मग एटीपी दिलें. वांकण्याऐवजीं शेपटीचा सांगाडा दुर्बिणीच्या नळ्यांसारखा लांबत गेला व जोड्या एकमेकींतून सरकून बाहेर पडल्या.

या हाताच्या एका फेऱ्यांत रसायनशास्त्र व यंत्रशास्त्र यांची पक्की सांगड आहे. एटीपीचा रेणु डायनीनच्या खांचेंत शिरला कीं हाताची पकड सुटते. मग एटीपी तुटतें; त्याचे दोन तुकडे, म्हणजे एडीपी व सुटें फॉस्फेट, कांहीं काळ खांचेंतच राहतात. हात पुन्हा पकड घेतो. फॉस्फेट बाहेर पडतांना जोराचा हिसका बसतो. शेवटीं एडीपी बाहेर पडतें आणि जागा पुढच्या एटीपीसाठीं मोकळी होते. फॉस्फेटाचें बाहेर पडणें हा या फेऱ्यांतील नाक्याचा क्षण होय, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील हकीगत समजण्यास सोपी जाईल.

त्या हकीगतीचा आरंभ पक्ष्माभिकांशीं संबंध नसलेल्या एका अडचणींतून झाला. पेशींच्या आवरणांत सोडियम बाहेर फेकणारा व पोटॅशियम आंत घेणारा एक पंप असतो, आणि तोही एटीपीवरच चालतो. या पंपाचा अभ्यास करणाऱ्यांना असें आढळलें कीं, प्राण्यांच्या स्नायूंपासून तयार केलेलें एटीपी वापरलें तर पंप मंदावतो, आणि दुसऱ्या रीतीनें तयार केलेलें एटीपी वापरलें तर मंदावत नाहीं. रेणु तोच असून हा भेद कां पडावा? इंधनांत कांहीं भेसळ असली पाहिजे हें उघड होतें. १९७७ सालीं लुइस कँटली व त्यांचे सहकारी यांनीं ती भेसळ शोधून काढली. ती व्हॅनेडियम धातूची निघाली. ऑक्सिजनशीं संयोग पावून तो व्हॅनेडेट या रूपांत तेथें होता. ज्या पदार्थाला शुद्ध समजून असंख्य प्रयोग झाले होते, त्यांतच एक सामर्थ्यवान् प्रतिबंधक लपून बसला होता.

ही बातमी कळल्यावर पुढच्याच वर्षीं गिबन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं व्हॅनेडेटाची डायनीनवर परीक्षा केली. समुद्री अर्चिनच्या शुक्रजंतूंचें आवरण सौम्य साबणासारख्या रसायनानें काढून टाकलें, तरी एटीपी मिळतांच त्यांच्या शेपट्या जिवंत असल्याप्रमाणें हालतात. पत्नी बार्बरा गिबन्स यांच्यासह त्यांनीं ही पद्धत १९७२ सालीं बसविली होती. अशा हालणाऱ्या शेपट्यांत व्हॅनेडेट घालतांच त्या मंदावल्या व थांबल्या. त्याचें प्रमाण किती अल्प असावें? एक लिटर द्रवांत मिलिग्रॅमच्या अपूर्णांकांत मोजावें एवढें. त्याच परिस्थितींत स्नायूंतील मायोसीन मात्र जवळजवळ अबाधित राहिलें. आणखी एक गोष्ट म्हणजे हें थांबणें मरण नव्हतें. कॅटेकॉल नांवाचें दुसरें रसायन घातलें कीं व्हॅनेडेटाचा अंमल उतरे व शेपट्या पुन्हा हालूं लागत.

व्हॅनेडेट हें कसें करतें? त्याच्या रेणूची आकृति फॉस्फेटासारखी आहे. मध्यें एक अणु व भोंवतीं ऑक्सिजनचे अणु, असाच तो घाट आहे. डायनीनच्या खांचेंतून फॉस्फेट बाहेर पडलें आणि एडीपी अजून आंतच आहे, अशा क्षणीं हा तोतया रिकाम्या जागेंत शिरून बसतो. फॉस्फेट अजून आंतच आहे अशा अवस्थेंत यंत्र अडकून पडतें; पुढचा हिसका बसत नाहीं आणि नव्या एटीपीला जागाही मिळत नाहीं. कुलपांत चुकीची किल्ली फिरवली तर कुलूप उघडत नाहीं एवढेंच. परंतु ती आंत अडकून बसली तर खरी किल्लीही निरुपयोगी होते, तशांतला हा प्रकार आहे. तोतयाचा पुढें आणखी एक उपयोग निघाला. व्हॅनेडेट अडकलेल्या डायनीनवर जंबुपार किरण सोडले, तर त्या प्रचंड प्रथिनाची सांखळी बरोबर त्याच जागीं तुटते, असें १९८६-८७ च्या सुमारास दिसून आलें. सुमारें साडेचार हजार अमिनो आम्लांच्या त्या सांखळींत इंधन जाळणारी खांच कोठें आहे, हें त्यावरून ठरवितां आलें. १९९१ सालीं सांखळीचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध झाला, तेव्हां ती जागा नेमकी कळली. विषानें असा मार्गदर्शकाचा धंदा पत्करल्याचीं उदाहरणें रसायनशास्त्रांत पुष्कळ आहेत.

व्हॅनेडेटाप्रमाणेंच डायनीनवर थेट आघात करणारीं दुसरींही रसायनें आहेत. निकेल धातूचे क्षार पाण्यांत अत्यल्प प्रमाणांत मिसळले, तर पॅरामीशियम पोहणें थांबवून स्थिर होतो. सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचें निरीक्षण करण्यासाठीं प्रयोगशाळांत ही युक्ति वापरली जाते. एटीपीमधील अ‍ॅडेनीन या घटकाशीं साम्य असणारें ईएचएनए नांवाचें एक कृत्रिम संयुग आहे. तें डायनीनचें काम मंदावतें. पण देहांतील दुसऱ्याही एका एन्झाइमाला तें अडविते, त्यामुळें त्याचा परिणाम दिसला तरी तो नेमका कोणाचा, असा संशय राहतो. २०१२ सालीं सिलिओब्रेविन नांवाचीं संयुगें पुढें आलीं. पेशीच्या आंत मालाची ने-आण करणारें जें डायनीन असतें, त्याला तीं अडवितात. पक्ष्माभिका उभारतांना टोंकाकडे गेलेलें सामान बुडाकडे परत आणण्याचें काम याच कुळांतील एन्झाइमाकडे असल्यानें पक्ष्माभिकांची घडणच त्यांमुळें बिघडते. ‘आंखूड’ या अर्थाचा लॅटिन शब्द त्यांच्या नांवांत आहे, त्याचें कारण हेंच.

येथें एक सावधगिरी आवश्यक आहे. एन्झाइम इंधन किती वेगानें जाळतें यावरूनच पक्ष्माभिका किती हालेल, असें अनुमान काढणें धोक्याचें असतें. डायनीन सांगाड्यावरून अलगद उतरविलें तर तें इंधन मंद गतीनें जाळतें. परंतु त्याला ट्रायटन नांवाच्या साबणासारख्या द्रव्याचा संस्कार दिला कीं जळण्याचा वेग सुमारें दसपट होतो, हें गिबन्स व फ्रॉंक यांनीं १९७९ सालीं दाखविलें. हें वाढलेलें बल नव्हे. हा फुकट गेलेला खर्च होय. पट्टा निसटलेलें एंजिन भरधांव फिरतें, पण गिरणीचा एकही दगड फिरत नाहीं, तशी ती स्थिति असते. म्हणून एखाद्या संयुगाची परीक्षा करतांना जळणाचा वेग आणि प्रत्यक्ष हालचाल या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

दुसऱ्या वर्गांतील रसायनें यंत्राला हात लावीत नाहींत. तीं सारथ्याशीं बोलतात. यांत पहिला मान कॅल्शियमचा. पोहतांना पॅरामीशियम एखाद्या अडथळ्यावर आपटला, तर क्षणभर उलटा पोहतो व दिशा बदलून पुन्हा पुढें जातो. या माघारीचा हुकूम कॅल्शियम देतें. १९७२ सालीं नाइतो व कानेको या जपानी शास्त्रज्ञांनीं आवरण काढलेल्या, म्हणजे खऱ्या अर्थानें मेलेल्या, पॅरामीशियमला एटीपी व मॅग्नेशियम देऊन पोहावयास लावलें. त्यांत कॅल्शियमचें प्रमाण एका ठराविक सूक्ष्म मर्यादेपलीकडे नेतांच मेलेला जीव उलटा पोहूं लागला! दुसरा सारथी म्हणजे सायक्लिक एएमपी हा छोटासा रेणु. त्याच्या प्रेरणेनें पेशींतील एक एन्झाइम डायनीनच्या एका लहानशा घटकाला फॉस्फेटाचा गट जोडतें व हाताची गति वाढते, हें पॅरामीशियममध्यें १९९१ सालीं दिसून आलें. दम्यावर दिल्या जाणाऱ्या सालब्युटामॉलसारख्या औषधांनीं श्वासमार्गाच्या पेशींतील सायक्लिक एएमपी वाढतें, आणि प्रयोगशाळेंत त्यांच्या योगानें पक्ष्माभिका जलद हालतांना दिसतात. दमेकऱ्याला जो आराम पडतो, तो मात्र मुख्यत: श्वासनलिकांभोंवतींचे स्नायू सैल झाल्यामुळें, हेंही सांगितलें पाहिजे.

तिसरा वर्ग इंधन तोडणाऱ्यांचा व चौथा सरसकट नासधूस करणाऱ्यांचा. दुर्दैवानें या दोन्ही वर्गांचे प्रतिनिधि एकाच जागीं सहज भेटतात. ती जागा म्हणजे तंबाखूचा धूर. त्यांत हायड्रोजन सायनाइड असतें. तें डायनीनला शिवत नाहीं, पण पेशींत एटीपी तयार करणारी भट्टीच विझवितें. त्यांत अ‍ॅक्रोलीन व फॉर्माल्डिहाइडही असतात. तीं प्रथिनांच्या नाजुक गटांशीं कायमचीं जोडलीं जातात, आणि मग प्रथिन डायनीन असो वा दुसरें कोणतें असो, तें कामांतून जातें. सिगारेटच्या धुरांतील कोणते घटक पक्ष्माभिकांना मंदावितात, याचें विवेचन केन्स्लर व बॅटिस्टा यांनीं १९६३ सालींच प्रसिद्ध केलें, आणि त्यांत या पदार्थांचा उल्लेख आहे. लांकूड व गोंवऱ्या जाळणाऱ्या चुलीच्या धुरांतही अ‍ॅक्रोलीन व फॉर्माल्डिहाइड असतात. स्वयंपाकघर म्हणून तो धूर सौम्य होत नाहीं.

धूर घेणाऱ्या माणसाच्या श्वासमार्गांत काय घडतें, तें आतां सहज समजेल. वल्हीं मंदावतात, वर्षानुवर्षें धूर घेणाऱ्याच्या अस्तरांतून तीं कांहीं ठिकाणीं नाहींशींही होतात. इकडे चिडलेल्या ग्रंथि श्लेष्मा अधिकच स्रवतात. माल वाढला व वाहणारे कमी झाले, म्हणजे तुंबणें आलेंच. तेथें जंतूंना आयतें घर मिळतें. जें काम पक्ष्माभिकांनीं मुकाट्यानें करावयाचें, तें मग छातीच्या स्नायूंना जोरानें करावें लागतें. यालाच लोक ‘सिगारेटचा खोकला’ म्हणतात आणि तो संवयीचा समजून सोडून देतात. वस्तुत: तो एका मोडलेल्या व्यवस्थेचा आवाज आहे. समाधानाची गोष्ट एवढीच कीं, अस्तराच्या पेशी नव्यानें तयार होत असतात, आणि धूर सोडला तर ही व्यवस्था बऱ्याच अंशीं सुधारूं शकते.

परंतु ज्यांचें यंत्र जन्मत:च अपुरें आहे, त्यांची गोष्ट निराळी. वारंवार सायनसचा दाह, श्वासनलिकांचें विकृत रुंदावणें आणि हृदयादि अवयव उलट्या बाजूस असणें, या तीन लक्षणांच्या एकत्र येण्याचें वर्णन झुरिकच्या मानेस कार्टागेनर या वैद्यांनीं १९३३ सालीं केलें होतें. या तिघांचा एकमेकांशीं संबंध काय, हें कोडें १९७६ सालीं आफ्झेलिउस यांनीं सोडविलें. ज्यांनीं डायनीनचे हात प्रथम पाहिले होते, त्यांनाच या रुग्णांच्या शुक्रजंतूंत ते हात नाहींत असें दिसून आलें. पक्ष्माभिका निश्चल असल्यामुळें श्वासमार्ग झाडला जात नाहीं. शुक्रजंतु पोहत नसल्यानें अपत्यप्राप्तीस अडथळा येतो. आणि अवयवांची बाजू? गर्भाच्या अगदीं आरंभीच्या अवस्थेंत एका लहानशा खळग्यांतील पक्ष्माभिका द्रव डावीकडे ढकलतात, व त्या प्रवाहावरून देहाची डावी-उजवी बाजू ठरते, हें उंदरांच्या गर्भांत जपानी शास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं दाखविलें. प्रवाहच नसेल तर निर्णय नशिबावर पडतो. म्हणून अशा रुग्णांपैकीं सुमारें निम्म्यांचे अवयव उलट्या बाजूस असतात.

अशा मुलांचें सर्दी-पडसें जन्मापासून हटत नाहीं, कान वाहतात, खोकला बारा महिने राहतो. प्रकृति नाजुक, हवा मानवत नाहीं, असें म्हणून घरांत वर्षें निघून जातात, आणि तेवढ्यांत फुप्फुसांची कायमची हानि होऊन बसते. या विकारांत नाकांतील हवेंत नायट्रिक ऑक्साइड या वायूचें प्रमाण फारच कमी असतें. त्याचें मापन, पक्ष्माभिकांचें सूक्ष्मदर्शकानें परीक्षण आणि आनुवंशिक तपासणी यांच्या साहाय्यानें आतां निदान करतां येतें. सारथ्याला चेतविणारें औषध येथें उपयोगीं पडत नाहीं, कारण हात मुळांतच नसेल तर हुकूम कोणीं पाळावा? श्लेष्मा बाहेर काढण्याचे नित्याचे उपाय आणि संसर्गावर वेळेवर उपचार, यांवरच भर द्यावा लागतो. म्हणून निदान लौकर होणें हेंच अशा मुलाच्या हिताचें असतें.

डायनीनला अडविणाऱ्या संयुगांचें पुढें औषध होईल काय, असा प्रश्न सहज मनांत येतो. शुक्रजंतूचें पोहणें थांबविलें तर संततिनियमनाचें साधन हातीं येईल, असा विचारही मोह घालणारा आहे. पण अडचण उघड आहे. जें यंत्र शुक्रजंतूच्या शेपटींत, त्याचेंच कुळ श्वासनलिकेंत, मेंदूच्या पोकळ्यांत आणि मालवाहू रूपानें जवळजवळ प्रत्येक पेशींत. व्हॅनेडेट तर सोडियमचा पंपही अडवितें. एका जागीं अडवावयाचें व दुसऱ्या जागीं शिवावयाचेंही नाहीं, असा विवेक ज्याच्या ठिकाणीं असेल, तेंच संयुग औषध या पदवीला पोहोंचेल. डायनीनची निरनिराळीं रूपें वेगवेगळ्या जनुकांपासून बनतात, ही त्या दिशेनें आशा वाटण्याजोगी गोष्ट आहे. परंतु त्यांच्यांतील भेद बारीक आणि साम्य मोठें आहे.

तोंवर या विषयांतून घरोघरीं उपयोगीं पडेल असा बोध साधाच आहे. घरांतल्या माणसांच्या श्वासमार्गांत कोट्यवधि वल्हीं रात्रंदिवस चालू आहेत. त्यांना शुद्ध हवा व पुरेसा ओलावा एवढेंच हवें असतें. स्वयंपाकघराला धूर जाण्यास वाट ठेवावी, तान्ह्या मुलाजवळ कोणीं विडी-सिगारेट ओढूं नये, आणि एखाद्या मुलाचा खोकला जन्मापासून हटत नसेल, तर त्याला संवयीचा न म्हणतां वैद्याला दाखवावें.